तिसऱ्या खांबाची हजेरी

म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर घ्यायचं असेल तर त्याच्या घरी जाऊ नये. घरी गेलं की आधी चहा होतो, मग म्हातारा सुनेची तक्रार करतो, मग सून आतून येऊन म्हाताऱ्याची करते, आणि पट्टा दंडाला बांधेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं प्रेशर वर गेलेलं असतं, माझ्यासकट. उपकेंद्रात या म्हटलं तर कुणी येत नाही. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मंग कशाला यायाचं?" हे मी नोकरीभर ऐकत आले. शेवटी एका शनिवारी वैतागून पिशवी उचलली आणि सरळ मारुतीच्या देवळात जाऊन बसले. गावातली झाडून सगळी म्हातारी माणसं तिथं हरिपाठाला आयती जमलेली होती.

मी आरोग्यसेविका होते. गावकरी आधी 'नर्सबाई' म्हणायचे, वर्षभरात त्यातलं 'नर्स' गळून नुसती 'बाई' उरली. राहायला लोणावळ्यात, नेमणूक मळवलीच्या वरच्या अंगाला एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, ज्या घराची ही गोष्ट आहे त्यातली माणसं अजून तिथंच आहेत. बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. विहिरीत पावडर टाकली का ते बघायचं, पोरांना डोस पाजायचे, दिवस भरत आलेली बाई वेळेत दवाखान्यात पोचेल याची व्यवस्था करायची, घरोघरी पाण्याच्या पिंपात वाकून डासांच्या अळ्या शोधायच्या, आणि हे सगळं रजिस्टरात चढवायचं. आता निवृत्त झाले आहे तर कबूल करायला हरकत नाही. अळ्यांच्या रजिस्टरात मी दोन-चार वेळा घरी बसून आकडे भरले आहेत. कंटाळा आला होता, पाऊस होता, पिंपं तीच आणि अळ्याही त्याच होत्या. पण ब्लडप्रेशरचा आकडा मी काट्याकडे बघितल्याशिवाय एकदाही लिहिलेला नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे गरज लागणार आहे.

तर हरिपाठ. रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. मी स्वतः फारशी देवदेव करणारी नाही. उंबऱ्याबाहेरून नमस्कार करायचा आणि आपल्या कामाला लागायचं, एवढीच माझी भक्ती. त्यामुळे पहिले काही शनिवार मी भिंतीला टेकून नुसती बघत होते. त्या देवळात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. सहा लाकडी खांब, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, आणि कोण कुठल्या खांबाशी बसणार हे वर्षानुवर्षं पक्कं. एखादं माणूस आलं नाही तर त्याची जागा रिकामी ठेवायची, कितीही दाटी झाली तरी तिथं सरकायचं नाही. हरिपाठ संपला की किसनआबा, म्हणजे गळ्यात वीणा घेऊन मधोमध उभे राहणारे आमचे वीणेकरी, सगळ्या खांबांवरून एकदा नजर फिरवायचे. याला तिथं 'जागा बघणं' म्हणत. रिकामी जागा दिसली की खडीसाखरेची पुडी बांधायची आणि कुणीतरी ती त्या माणसाच्या घरी पोचवायची. त्याच दिवशी. पाऊस कोसळत असला तरी.

मला आधी हे सगळं म्हाताऱ्यांचं खूळ वाटलं. मग एकदा म्हादूभाऊंची जागा रिकामी दिसली. पुडी घेऊन गेलेल्या माणसाला ते गोठ्यात सापडले, खुब्याचं हाड मोडून गाईच्या पायाशी पडलेले. घरचे सगळे तळेगावला लग्नाला गेलेले, दोन दिवस परतणार नव्हते. आम्ही भाऊंना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि ते वाचले. नंतर काठी टेकत पुन्हा देवळात यायला लागले, आणि मला बघितलं की न सांगता दंड पुढे करायचे. त्या दिवसापासून मी त्या पुडीला हसणं बंद केलं.

पुढे पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, पण कामात कडक. म्हातारी माणसं नियमानं देवळात जातात आणि त्यांची तब्येत, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, याचा त्यांचा अभ्यास होता. त्यांची तपासणी साधी. मुठीत एक यंत्र दाबायचं, म्हणजे ताकद कळते. चार मीटर चालायचं, म्हणजे चाल कळते. आणि हात न टेकता खुर्चीवरून उठायचं नि बसायचं, अर्ध्या मिनिटात होईल तितक्या वेळा. मला त्यांनी हजेरीचा तक्ता दिला. नाव, शनिवारची तारीख, माणूस आलं की बरोबरची खूण, आणि खुणेसमोर ब्लडप्रेशर. तक्त्यातली नावं मी बसण्याच्या जागेप्रमाणे लिहून घेतली, म्हणजे पहिल्या खांबापासून सुरू करून ओळीनं संपवता येईल.

दोन-तीन महिन्यांत दिसायला लागलं की रोज देवळात येणारी माणसं घरात बसून राहणाऱ्यांपेक्षा बरीच खुटखुटीत आहेत. मी खूश. डॉक्टरबाईंना म्हटलं, चला, सिद्ध झालं. त्या हसल्या.

"बाई, देवळात येतात म्हणून धडधाकट आहेत, का धडधाकट आहेत म्हणून देवळात येऊ शकतात? ज्याला चालताच येत नाही तो तुमच्या तक्त्यात येणार कसा?"

मला राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. मग मी त्यांना गावातल्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या गँगमनकडे नेलं. देवाचं नाव काढलं की अंगावर येणारा माणूस. रोज मळवली स्टेशनच्या एकाच बाकावर, एकाच टोकाला बसून, त्याच तिघांशी भांडायचा. मूठ दाबली तर यंत्राचा काटा शेवटापर्यंत. मी म्हटलं, डॉक्टरबाई, देव जरा बाजूला ठेवा. माणसाला एक जागा लागते, आणि तो त्या जागेवर दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटणारं कुणीतरी लागतं. तेवढ्यासाठी माणूस उठतो, आंघोळ करतो, चालतो. त्यांनी हे माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं. पुढे बरेच दिवस मी त्या तोऱ्यात होते. तो तोरा हौसामावशीनं उतरवला.

हौसामावशी वरच्या वस्तीवर राहायची. ऐंशीच्या पुढची, अंगानं काडी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तिचा मुलगा दत्तू आणि सून दोघंही खालच्या एका बंगल्यावर कामाला, तो राखणीला आणि ती झाडलोटीला. सकाळी गेलेली दोघं अंधार पडताना परत यायची, मावशी दिवसभर एकटी. देवळात तिची जागा बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबाशी. एकही शनिवार चुकलेला नव्हता.

तपासणीसाठी आम्ही तिच्या घरी गेलो. मूठ दाबली तर काटा हललाच नाही. खुर्चीवरून उठ म्हटलं तर तिनं तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तशीच मागे बसली. चार मीटर चालणं तर सोडूनच द्या, तिला दारापर्यंत जायला भिंत धरावी लागली आणि मधे थांबून धापा टाकाव्या लागल्या. डॉक्टरबाईंनी तक्ता उघडला, तिच्या नावापुढच्या सगळ्या खुणा बघितल्या आणि मला विचारलं, "यांना देवळात कोण घेऊन येतं?"

मला माहीत नव्हतं. मी दत्तूला विचारलं. तो म्हणाला, "कुनी न्हाई. आमी कामावर आसतो. आई घरीच आसती की."

वस्तीवरून देऊळ म्हणजे अर्धा तास उताराची पाऊलवाट, मधे एक ओढा. माझे पाय तेव्हा चांगले होते, तरी मला पावसात तिथं काठी लागायची. मी मावशीला विचारलं, "मावशी, देवळात कशा येता हो?"

"टाळ ऐकू येतो," ती म्हणाली. "मंग म्या जाते."

"कुठून ऐकू येतो?"

"हितं बसल्या बसल्या." आणि तिनं बसली होती ती जागा थोपटली.

डॉक्टरबाई पुण्याला गेल्या, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. श्रावणातल्या एका शनिवारी मी चार वाजताच ओढ्याच्या साकवावर जाऊन उभी राहिले. वस्तीवरून यायला दुसरी वाट नाही, येणाऱ्याला साकव ओलांडावाच लागतो. ढग इतके खाली आले होते की हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. पण साकव म्हणजे दोन फळ्या, त्यावरून मांजर गेलं तरी फळी वाजते. मी दीड तास उभी होते. फळी वाजली नाही. खालून टाळ ऐकू यायला लागले तेव्हा मी ओलीचिंब होऊन देवळात गेले. हौसामावशी तिसऱ्या खांबाशी बसलेली होती. मी तिचा दंड धरला, पट्टा बांधला. माझ्या पदरातून पाणी टपकत होतं. तिचा पदर कोरडा होता.

असं काही झालं की माझा स्वभाव घाबरण्याचा नाही, चिडण्याचा आहे. म्हटलं, कुणीतरी हिला मोटरसायकलवरून आणतंय आणि सगळी मिळून माझी चेष्टा करतायत. पण मोटरसायकलचा रस्ता त्या वस्तीला नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतर आठवड्याभरातच मावशीच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं तर खळगा पडायचा. झोपलं की दम लागायचा. मी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, पायातलं पाणी उतरायची गोळी दिली, मीठ बंद केलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. एवढंच सांगितलं. पुढचं सगळं माझं. साकवावरची शंका गिळून मी दत्तूला बाजूला घेऊन फैलावर घेतलं. म्हटलं, ही बाई चार पावलं चालली तर दम लागतोय आणि रोज अर्धा तास उतरून जाते, अर्धा तास चढून येते. हिचा जीव जाईल वाटेत. हिला घराबाहेर पडू द्यायचं नाही. ऐकत नसेल तर कामावर जाताना बाहेरून कडी लाव.

दत्तू चपापला. "आईला कोंडू?"

"पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. तिच्या भल्यासाठीच सांगते आहे."

त्यानं कडी लावली. गरीब माणूस, बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. शेजारच्या घरातली म्हातारी दुपारी कडी काढून भाकरी द्यायची आणि पुन्हा लावायची. मी दर सोमवारी जायचे, कडी काढून आत जायचे, पाय बघायचे, प्रेशर घ्यायचे. प्रेशर वरच होतं. सूज थोडी उतरली, पण मावशी काही सावरली नाही. आधी बोलकी होती, आता मी विचारलं तेवढंच बोलायची. जेवण घटलं. आवाज बारीक झाला. मी म्हणायचे, मावशी, देवळाची आठवण येते का? ती म्हणायची, "न्हाई. आटवन कशाची?" मला वाटलं रुसली आहे.

असे तीन आठवडे गेले. शुक्रवारी उपकेंद्रात बसून मी महिन्याचा तक्ता डॉक्टरबाईंना पाठवण्यासाठी कोऱ्या कागदावर उतरवून घेत होते. नाव, खूण, आकडा. नाव, खूण, आकडा. हौसामावशीच्या ओळीवर आले आणि पेन थांबलं. तिच्या नावापुढे तिन्ही शनिवारी बरोबरची खूण होती. खुणेसमोर आकडे होते. एकशे तीस-ऐंशी. एकशे अठ्ठावीस-ऐंशी. पुन्हा एकशे तीस-ऐंशी. अक्षर माझं.

आता तुम्ही म्हणाल, सवयीनं लिहिलं असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. मी ओळीनं जाते, देवळात उजेड कमी असतो, मी तोंडं बघत नाही, दंड बघते, काटा बघते. तिसऱ्या खांबाशी आले की हात आपोआप लिहीत असेल. पण मग मला आठवलं की त्या जागी पट्टा दंडाला एक वेढा जास्त घ्यावा लागायचा. तिन्ही शनिवारी घेतला होता. इतका बारीक दंड त्या ओळीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. उपकेंद्रात भर दुपारी मी उठून दार उघडं टाकलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत बसवेना.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "हाताला सवय असते बाई, होतं असं. त्या तीन खुणा खोडून टाका." मी हो म्हटलं. खोडल्या मात्र नाहीत. जो आकडा मी कानानं ऐकून आणि काट्यावर बघून लिहिलाय तो खोडायचा कसा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी किसनआबांच्या घरी गेले. ते पडवीत बसून वीणेच्या तारा पुसत होते. मी विचारलं, "आबा, तीन आठवडे झाले, हौसामावशीच्या घरी खडीसाखरेची पुडी का नाही गेली? तुम्ही जागा बघत नाही का आता?"

आबांनी मान वर केली. "बघतो की. रोज बघतो."

"मग?"

"मंग काय? ती आसती की."

"आबा, ती घरात आहे. बाहेरून कडी आहे. मीच लावायला सांगितली."

उरलेल्या तारा पुसून झाल्या, फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "व्हय? मला न्हाई ठावं. मला ती दिसती ते म्या सांगितलं." त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती आणि भीतीही नव्हती. भीती मला वाटत होती.

शनिवार मी दुखण्याचं निमित्त काढून टाळला. पण मंगळवारी ठरवलं, बस झालं. मावशीला तिच्या जागेवर नेऊन बसवायचं. एक तर ती खरी तिथं बसेल आणि माझा तक्ता खरा होईल, आणि दुसरं म्हणजे, हे मला तोपर्यंत कळून चुकलं होतं की कडीनं ती बरी होत नाहीये. दत्तूनं सुट्टी घेतली, दोघा-चौघांनी तिला खुर्चीत बसवून साकवापर्यंत उचलून आणलं, पुढे एकाच्या रिक्षात घातलं. वाटभर मी तिचा हात धरला होता आणि उगाच बडबडत होते, आता बरं वाटेल, आता सगळ्याजणी भेटतील.

आम्ही पोचलो तेव्हा हरिपाठ सुरू झाला होता. दत्तूनं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून उंबऱ्याशी उभं केलं. मावशीनं तिसऱ्या खांबाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, कुणी ओळखीचं भेटावं तसं.

"म्याच हाय की ती," ती म्हणाली.

"कोण, मावशी? तिथं कुणी नाही. तुमचीच जागा आहे, रिकामी ठेवलीय."

"दमून बसलीय. उटवू नगा तिला." तिनं माझा हात ओढला. "मला घरला न्या."

मी खांबाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. असं मी लिहिते आहे आणि ते खरं आहे. पण खांबाच्या अलीकडची बाई टाळ वाजवत गुडघा आत घेऊन बसली होती, आणि पलीकडची अंग चोरून, शेजारच्याला आपला धक्का लागू नये म्हणून आपण बसतो तशी. तेवढ्यात आबांची नजर आमच्यावर पडली. ते हरिपाठ म्हणायचे थांबले नाहीत, पण त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा खांबाकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांना ढकलत आले. लसीला ढकललं, दवाखान्यात ढकललं, नवऱ्यांना बायकोच्या तपासणीला ढकललं. त्या दिवशी मला मावशीला चार पावलं पुढे ढकलता आलं नाही. माझेच पाय उंबऱ्याच्या आत पडेनात. आम्ही तिला परत घरी नेलं. कडी मी स्वतः दारावरून पिळून काढली आणि ओढ्यात फेकून दिली, पण त्याचा आता काय उपयोग होता.

पुढच्या शनिवारी मी देवळात गेले, कारण नाही गेले तर पुन्हा कधीच जाणार नाही हे मला ठाऊक होतं. ओळीनं प्रेशर घेत आले. तिसऱ्या खांबाशी थांबले नाही, सरळ पुढच्या बाईचा दंड धरला. काटा बघत असताना मला सारखं वाटत राहिलं की मागे कुणीतरी हात पुढे करून वाट बघतंय. मी वळून बघितलं नाही. तक्त्यात त्या शनिवारचा रकाना कोरा आहे.

सोमवारी वस्तीवर गेले तेव्हा मावशीचा श्वास वरवर चालला होता. मी दवाखान्याचं नाव काढलं तर तिनं मान हलवली आणि दत्तूनं हात जोडले. खरं म्हणजे नेण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. सून बंगल्यावर गेलेली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. बाहेर ढग उतरलेले, दारातून अंगणसुद्धा दिसत नव्हतं. संध्याकाळ होत आली तसा खालून टाळांचा आवाज आला. मी शपथेवर सांगते, मला आला. इतक्या लांबून तो यायला नको, पण आला. मावशीनंही ऐकला. डोळे उघडून ती म्हणाली, "आज म्या जात न्हाई."

थोड्या वेळानं मी तिची नाडी सोडली. दत्तू पायाशी बसून तळवे चोळत होता, त्याला मी लगेच काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्याला कळलं होतं. तो चोळतच राहिला. आम्ही कुणाला हाक मारली नाही, फोन केला नाही. खालचे टाळ कधी थांबले तेही मला कळलं नाही.

मग अंगणात पावलं वाजली आणि किसनआबा दारात आले. अंगावर घोंगडी, हातात कागदाची पुडी. या वयात तो चढ चढून आले होते, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. त्यांनी आत बघितलं आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं, आबा?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. आज जागा रिकामी दिसली."

त्यांनी पुडी तिच्या उशाशी ठेवली, खाली बसले, घोंगडी बाजूला केली. मला वाटत होतं त्यांनी मला काहीतरी बोलावं, चार शिव्या द्याव्यात. तेवढी चूक मी केलीच होती.

"बाई, तुमी तिच्या भल्यासाटीच केलं," ते म्हणाले. "मला ठावं हाय. पन तुमी तिला हितं बसवली, आन तिला तर तितं बसायचं हुतं. मंग दोनीकडं बसली बिचारी. ह्या वयात दोन ठिकानी बसायचं म्हंजी मानूस किती दमत आसंल."

दत्तूचे हात थांबले. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. कडी लाव म्हणून त्याला मीच सांगितलं होतं.